एका ग्यालनात पंचवीस मैल

मोटार तोरनाखाली उभी कराची का नाही, याच्यावरून पोयाच्या दिवशी सकायीच दोघा भावाचं वाजलं.

माह्या सासऱ्यानं, दौलतरावनं, ज्या साली मोटार आनली त्या साली मेडशीतल्या म्हशींनी तीन दिवस दूध देलं नाही. चौथ्या दिवशी देलं त त्याले पेट्रोलचा वास. एका म्हातारीनं ते तापवाले ठेवलं अन् तिचं सपर उडून पार पातूरच्या बाजारात पडलं. बरं, सपराचं ऱ्हाऊ द्या. पन हे खरं का त्याच साली मामंजीनं मोटार पोयात उभी केली, बैलाच्या जोड्याईच्या रांगेत. म्हने बैल वावरात राबते, हे रस्त्यावर राबते, घर दोघाईवर चालते. आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याले तूप-हयद लावाचे, तवा मोटारीच्या बोनेटलेई लावाचे, अन् वाकून सांगाचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पोयाच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू नाही, तसंच मोटारीचं इंजन चालू कराचं नाही. पंधरा-वीस जन ढकलत तिले तोरनाखाली नेत. मामंजी गेले, पन नेम चालू राह्यला.

यंदा मोटार तेच होती, पन पोटातलं इंजन दुसरं होतं. जुनं आंगनात बाभयीच्या सावलीत फाटक्या ताडपत्रीवर पडलं होतं.

"हे तोरनाखाली नाही जाईन," माहा भासरा, मालकाचा मोठा भाऊ इंद्रभान, मोटारीसमोर हात पसरून उभा. "बाबाची मोटार ते होती. हे दुसरंच जनावर हाय."

"भाऊ, बाबानं तीनदा टायर बदलले," माह्या मालकानं, शालिग्रामनं म्हनलं. "तवा दुसरं जनावर नाही झालं?"

"टायर म्हंजे खूर रे. इंजन म्हंजे जीव."

"जीव! तो जीव एका ग्यालनात नऊ मैल चाले. महिन्याचं कुपन विसाव्या दिवशी पिऊन टाके. मंग दहा दिवस तुमी अन् मी दोघंई ओट्यावर बसून माशा मारत."

हे मात्र सोळा आने खरं. जर्मनच्या लढाईनं पेट्रोल कुपनावर आलं होतं, अन् आमचं आठ सिलिंडरचं इंजन मोठं खादाड. शिरपूरच्या भागचंद शेटची लहान मोटार पुलाखाली पडून भंगार झाली, पन तिचं चार सिलिंडरचं इंजन शाबूत राह्यलं. शेटले तेलाच्या गिरनीसाठी मोठं इंजन पाह्यजे होतं, कोयशाच्या ग्यासवर चालवाले. शालिग्रामनं बोलनं लावलं, तुमचं लहान आमाले, आमचं मोठं तुमाले, देनं-घेनं काही नाही. शेट म्हने, "आठ दिन चलाके देखो. पोयाले मी येतो. पसंत पडलं त मोठं घेऊन जातो. मंग वापसी नाही."

तो वापसी नाहीचा दिवस आज होता.

"ढकला रे," माह्या सासूनं, रंगूबाईनं, दारातून आवाज देला. "सनाच्या दिवशी तोंडं कायले वाजवता? मोटार घरची हाय, तोरनाखाली जाईन."

मोटार गेली. शालिग्राम एवढा खुश का ढकलनाऱ्यापेक्षा मोटार पुढं अन् मोटारीपेक्षा तो पुढं. इंद्रभान मांगं एकटाच राह्यला. त्या घरात धाकट्याचं पहिल्यांदा चाललं होतं. मोटार चालवे इंद्रभान. लोक राम राम करत इंद्रभानले. शालिग्राम पायदानावर उभा राहून तिकिटं फाडे, टपावर गाठोडी चढवे, अन् मोटार बिघडली का तिच्याखाली चित पडे. दहा वर्स त्यानं गावाले तिच्याखालूनच पाह्यलं. त्याच्या मनात एकच होतं, एकडाव तरी या घरात मी म्हनन ते व्हावं.

चुलीजोळ माही मोठी जाऊ, तुळसाबाई, पुरन वाटत होती. मी पोया लाटत होती.

"चतुरे," ती हयूच बोलली, "तुह्या मालकाले सांग, मांगं हटू नको म्हना."

माहं लाटनंच थांबलं. "जाऊबाई, तुमी इकडून?"

"मंग काय करू वं? महिन्यातले दहा दिवस हे मानूस घरी बसते. वरनात मीठ कमी, दारात कचरा जास्त, बाजेची दोरी ढिली. त्यापेक्षा मोटार रोज गेलेली बरी. सासूबाईजोळ मी बोलन. पन माहं नाव काढशीन त पाहा."

अशी त्या घरात मानसं इकडची तिकडं सरकत. अन् मी कोनत्या बाजूची? मी माह्या मालकाची. त्याच्यासाठी त मी शिरपूरले ते करून आली होती.

पोयाच्या सहा दिवस आंधी शालिग्रामनं नवं इंजन पारखाले काढलं होतं. मोजून एक ग्यालन पेट्रोल टाकलं, बाकी टाकी कोरडी. मोटार रिकामी, सडक सपाट. मले म्हने, "चाल, तूई बस." लग्नाले अकरा वर्स झाले, मालकाच्या बाजूले मी पहिल्यांदा बसली. शिरपुराच्या वाटेनं मोजत गेलो, मोजत फिरलो, अन् एकोनिसाव्या मैलाच्या दगडाजोळ मोटार थांबली. एकोनीस! शालिग्रामनं त्या दगडाले मिठी मारली. अगदी खरं सांगून राह्यली. दगडाले चुना लागला होता, तो त्याच्या गालाले लागला.

मंग डब्यातलं पेट्रोल टाकून शेटच्या घरी गेलो. मानसं बाहेर ओसरीत, मी अंदर सूरजबाई शेठानीजोळ. तिथं वाशीमच्या कचेरीतल्या एका बाबूची बायको, सुंदरबाई, देवदर्शनाले आलेली. नाकात मोती, हातात पंखा. मले इचारते, "काय हो, तुमची मोटार म्हने आता कमी पेट्रोल खाते?"

एकोनीस म्हनाले माही जीभ वयलीच नाही. एकोनीस काय आकडा हाय? मी म्हनलं, "बाई, एका ग्यालनात पंचवीस मैल! अन् उतार लागला का पेट्रोल उलटं टाकीत जमा होते. काल निंघालो तवा अर्धी टाकी होती, घरी आलो त काठोकाठ."

शेठानी लोटपोट हासली. सुंदरबाई नाही हासली. तिनं पंखा थांबवला अन् म्हनलं, "पंचवीस?"

"पंचवीस. जास्तच असंन, कमी नाही."

सुंदरबाईच्या त्या थांबलेल्या पंख्याकडे मी पाह्यलं होतं. पन मले वाटलं, वा, काय जमली गोष्ट!

दुपारी पंगत उठली अन् भागचंद शेट आला. पोयाच्या दिवशी बैल जुपता येत नाही, म्हनून स्वतः घोड्यावर अन् मांगं आठ हमाल पायी, खांद्यावर बल्ल्या अन् दोर घेऊन. त्याईचा म्होरक्या देवला. आल्या आल्या इंजनाभवती फिरून म्हने, "शेट, हे इंजन हाय का म्हशीचा हेला?"

"बोलो इंद्रभानजी," शेट बाजेवर बसला. "क्या तय किया?"

इंद्रभाननं उत्तर शेटले नाही देलं, मायले देलं. "माय, सपाट सडकीवर रिकामी मोटार त बकरीई ओढन. मले घाट दाखवा. मेडशी ते पातूर, तीस मानसं अंदर, टपावर गाठोडी. मी सोता बसतो चाकावर. चढली त मीच हमालाईले हात लावतो. नाही चढली त जुनं जाग्यावर बसवाचं. एवढंच माहं म्हननं हाय."

 म्हननं रास्त होतं. सासूनं मान हालवली. "हे बरोबर बोलला. घाट पाहून घ्या."

"पाहू ना," शालिग्राम बोलला. "कवा?"

"आत्ता."

"आत्ता?" शालिग्राम हासला. ते हासनं मले आवडलं नाही. "भाऊ, आज पोया हाय. आज इंजन चालू कराचं नाही, हा नेम कोनाचा?"

मोटारीकडे निंघालेला इंद्रभान मांगं फिरला.

"बाबाचा नेम, बाबाचा नेम! सकायपासून तुमीच सांगून राह्यले. मांगच्या पोयाले पाटलाची पोरगी अडली होती, तरी तुमी मोटार काढू देली नाही. तिले बाजेवर नेली. अन् आज तुमची गरज पडली त बाबाचा नेम मोडता?"

ते पोरगी वाचली होती, पन लेकरू नाही वाचलं.  इंद्रभाननं खाली मान घातली. त्याच्या मनात काय चाललं होतं ते सारं गाव पाहू शकत होतं. आज नेम मोडला त मांगच्या साली कायले पायला, याचं उत्तर त्याले त्या पोरीच्या बापाले देनं पडलं असतं.

"शेट," तो हयू बोलला, "एक दिवस थांबा. उद्या घाट पाहतो."

"देखो भाई, आठ दिन मांगलेले, आठ दिलेले. मले कायची घाई नाही. पन हे हमाल आठ कोस चालत आलेले, त्याईले मी दोनदा नाही आनत. अन् मालेगावचा एक जन त्याचं मोठं इंजन देतो म्हनून मांगं लागलेला. आज हो म्हना का ना म्हना, दोन्हीत माही नाराजी नाही."

तो खरा मानूस होता, त्यानं कोनाले फसवलं नाही. आमाले फसवाले बाहेरच्या मानसाची गरजच नव्हती.

इंद्रभाननं मायकडे पाह्यलं. माय त्याची होती, मोठ्या लेकावर तिचा जीव. पन सैपाकाच्या घरातून तुळसाबाईनं आवाज न करता मान हालवली, घ्या म्हनून. सासूनं ते पाह्यलं. मोठ्याची बायकोच धाकट्याकडून हाय म्हनल्यावर म्हातारीले जोर आला.

"इंद्रभान," ती म्हने, "आजवर तुहं ऐकलं. एकडाव धाकट्याचं ऐकू. एकोनीस मैल म्हंजे थोडे नाही."

"माय, आठ दिवसात मले एकडावई घाटात जाऊ देलं नाही यानं. काहून, ते इचार त्याले."

"कुपन नव्हतं!" शालिग्राम ओरडला.

"शिरपुराले बायकोले मिरवाले कुपन होतं!"

मी पदर तोंडावर ओढून घेतला. भासऱ्यासमोर मी अकरा वर्सात बोलली नव्हती, त्याच्या सावलीवर पाय देला नव्हता. अन् त्याच्या तोंडून माहं नाव न घेता मी आंगनात आली.

सासू उठली. "घेऊन जा शेट."

देवलानं दोर टाकले. आठ जनाईनं 'हय्या' म्हनून इंजन उचललं. हमाल शिरपुराच्या वाटेले लागले. एकाचा खांदा सोलला, तवा दुसरा लागला. दुसऱ्याचा सोलला तवा मांगून चालत आलेला इंद्रभान पुढं झाला अन् कोनाले न बोलता बल्लीखाली खांदा देला. मेडशीच्या शिवेपर्यंत त्यानं ते इंजन नेलं. बापाले नेतात तसं. हे मी वाढवून नाही सांगून राह्यली.

दुसऱ्या दिवशी मोटार घाटाले लागली. चाकावर इंद्रभान, पायदानावर शालिग्राम, अंदर बत्तीस मानसं, टपावर मिरच्याची पोती. मले जाऊबाईनं सांगतलं, तिले इंद्रभाननं.

पायथ्यालेच त्याच्या हातात समजलं. जुनं इंजन घाट पाहून भुके, हे घाट पाहून खोकललं. दुसऱ्या वयनावर पहिल्या गेरात आलं, अन् मंग पहिल्यातूनच निंघेना. रेडेटर उकयला. मानसं उतरवली, म्हाताऱ्या उतरवल्या, एक नवी नवरी उतरवली. सगये ढकलून राह्यले. पोती टपावरून काढून डोक्यावर घेतली. एक म्हातारा शालिग्रामले म्हने, "लेका, तिकीट मोटारीचं फाडलं का माह्या पायाचं?"

वर पोचल्यावर इंद्रभाननं टाकीत काठी टाकून पाह्यली. पहिल्या गेरात रडत-रडत चढलं ते एवढं पेलं, का घाटापुरता ग्यालन सात मैलालेई पुरला नाही. खादाडाचे नऊ होते, उपाशाचे सात झाले.

त्यानं ती काठी शालिग्रामच्या हातात देली, ओल्या बाजूनं. एवढंच.

शालिग्राम घरी येऊन मले म्हने, "घाटात सात, सपाटीवर एकोनीस. महिन्याचा मेय पाह्यला त फायदाच हाय. ढकलाले दोन गडी घाटात बसवतो. महिनाभर जाऊ दे, भाऊलेई पटन." त्याच्या डोयात अजून तो दगड होता, ज्याले त्यानं मिठी मारली होती. अन् खरं सांगू, त्याचा मेय चुकीचा नव्हता. एखाद्या वेळेस जमलंई असतं.

चौथ्या दिवशी कचेरीतून कागद आला.

दुपार होती. सगये घरीच होते. शालिग्रामनं ओट्यावर उभं राहून मोठ्यानं वाचला. कुपन मिळनार म्हनून त्याचा आवाज आंधी मोठा होता. "सदरहू मोटार नवीन इंजिनामुळे एका ग्यालनात पंचवीस मैल चालते असे या कचेरीस समजले आहे. सबब पुढील महिन्यापासून पेट्रोल पूर्वीच्या एकतृतीयांश..."

आवाज बारीक होत गेला. मंग थांबला.

"पंचवीस?" सासू म्हने. "तू त एकोनीस सांगतले."

"एकोनीसच हाय माय. हा पंचवीस कुठून आला?" शालिग्राम कागद उलटा-पालटा करून पाहे. "कोनी त जाऊन सांगतलं. वाढवून सांगतलं. आपलं पेट्रोल तुटावं म्हनून सांगतलं." अन् मंग हयूहयू त्याची मान फिरली. "भाऊ. पोयाच्या आंधीच्या बुधवारी तुमी वाशीमले कायले गेलते?"

इंद्रभान पानी पेत होता. लोटा खाली ठेवला.

"दाढ काढाले गेलतो म्हने," शालिग्राम बोलला. "दाखवा दाढ."

इंद्रभाननं तोंड नाही उघडलं. दाढ काढलीच नव्हती. तो कचेरीतच गेला होता. जुनं इंजन राहावं म्हनून, दोन ग्यालन जास्तीचे द्या म्हनून, सायबाच्या दारात टोपी हातात घेऊन चार वाजेपर्यंत बसला अन् तसाच वापस आला. ते सांगाची त्याले लाज वाटली. हे त्यानं जाऊबाईले तिच्या माहेरच्या, धनजच्या वाटेवर सांगतलं, पन तवा लय उशीर झाला होता.

"कचेरीत गेलते ना?" शालिग्रामचा आवाज फाटला. "माहं एक काम या घरात झालं, तेई तुमाले बघवलं नाही? बाबाच्या मोटारीचं पेट्रोल तोडलं तुमी?"

"तोंड सांभाय," जाऊबाई उठली.

"तुमी बसा वयनी. तुमीच म्हनल्या होत्या ना, मांगं हटू नको म्हना!"

इंद्रभाननं बायकोकडे पाह्यलं. जाऊबाईनं माह्याकडे. माहं नाव काढू नको म्हनलं होतं तिनं, अन् मी त्याच रातीले सांगून बसली होती.

 घरात दोन भाऊ, दोन बायका अन् एक माय, अन् पाचाईत कोनीच कोनाचं उरलं नाही. मी पदर मांगं सारला, ओट्यावर आली, भासऱ्यासमोर, उघड्या तोंडानं.

"मी सांगतलं," मी म्हनलं. "पंचवीस मैल मी सांगतलं. शिरपुराले, सुंदरबाईले. बाबूच्या बायकोले. अन् उतारावर पेट्रोल उलटं जमा होते, तेई सांगतलं. भाऊजीचं काही नाही यात."

 मंग जाऊबाईच हासली, कडू. "चतुरे, ह्या घडीले तरी गप्पा नको वं."

"गप्पा नाही. आन घेतो. लेकराची आन घेतो."

"परवा तू आन घेऊन सांगतलं का गावतयात पोथी वाचनारा मासा हाय," शालिग्राम म्हने. त्याच्या डोयात पानी होतं. "माह्या भावाले वाचवून राह्यली? तुले वाटते भाऊ घरात राह्यला त बरं. मलेई वाटते. पन त्यासाठी माह्यासमोर खोटं नको बोलू. आज नको."

"सुंदरबाईले इचारा!"

"कचेरीतल्या बाबूच्या घरी जाऊन त्याच्या बायकोले इचारू? का बाई, माह्या बायकोनं तुमाले गप्प मारली का? उरलं कुपनई जाईन."

मंग इंद्रभाननं माह्याकडे पाह्यलं. अकरा वर्सात पहिल्यांदा. त्याले समजलं. त्या आंगनात एकट्या त्यालेच समजलं का मी खरं बोलून राह्यली. मले वाटलं, आता तो बोलन.

तो बोलला. "तिचं काय ऐकता. ती बोलतच असते. मीच सांगतलं."

"इंद्रभान!" सासू.

"मीच, माय. याले वाटते ना मीच असंन? याच्याच मांडीजोळ जेवलो, याच्याच खांद्याले खांदा लावून मोटार ढकलली, अन् याले एका घडीत वाटलं का भाऊ असं करन. मंग मी करो का न करो, काय फरक हाय?"

शालिग्रामनं कागद चुरगायला. त्यानं "नाही भाऊ" म्हनलं असतं त सारं तिथंच मिटलं असतं. मी त्याच्या तोंडाकडे पाहून राह्यली. तो म्हनला नाही.

उन्हं कलाच्या आंधी इंद्रभान अन् जाऊबाई धनजच्या वाटेले लागले, तिच्या माहेरी. शालिग्राम मोटारीखाली जाऊन चित पडला होता, काहीच बिघडलं नव्हतं तरी. भाऊ शिवेपार झाला तवाई तो खालून निंघाला नाही.

मी उष्टी भांडी घासत होती. सासू आली, माह्याजोळ उकिडवी बसली. 

"चतुरे," ती म्हने, "आता कोनी नाही. मले खरं सांग. पंचवीस कोनं सांगतलं?"

"मी, सासूबाई."

तिनं माह्या हातातलं भांडं खाली ठेवलं. मंग माह्या राखेच्या हातावर हात ठेवला. तिचे डोये भरले होते.

"केवढं मन तुहं वं," ती म्हने. "भासऱ्याचा डाग आपल्या अंगावर घेतला. अन् ते पाहा, मोठी, जाताना पायाई पडली नाही." कमरेची चाबी तिनं काढली. तुळसाबाई निंघताना तिच्याजोळ ठेवून गेलेली कोठीची चाबी. "आजपासून तू मोठी."

मी हात पदराले पुसले अन् चाबी घेतली.